झाकली मूठ कोणाची?

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण मुठीच्या मालकाला उद्देशून वापरतो. मूठ त्याची, सव्वा लाखाचा मानही त्याचाच, आणि ती उघडावी की न उघडावी हेही त्यानेच ठरवायचे, असे त्यात गृहीत धरलेले असते. विसाव्या शतकातील समलैंगिक आणि उभयलैंगिक चित्रपटनटांच्या इतिहासाकडे वळले की हे गृहीतच डळमळू लागते. तिथे मूठ एकाची, ती आवळून धरणारी बोटे दुसऱ्याची, आणि सव्वा लाख जमा होतात ते तिसऱ्याच्याच पेढीवर. या नटांविषयी लिहिताना 'त्यांनी लपवले' असे आपण सहज लिहून जातो. या वाक्यातील कर्ता नीट तपासून घ्यावा, एवढाच आमचा आग्रह आहे.

दुसरी अडचण शब्दाची. इंग्रजीत ज्याला 'कमिंग आउट' म्हणतात त्याला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. वर्तमानपत्रे 'कबुली दिली' असे लिहून मोकळी होतात. कबुली गुन्ह्याची असते, फार तर कर्जाची. 'बिंग फुटले' म्हणावे, तर ज्याचे बिंग फुटते तो आधीच लबाड ठरलेला असतो. तथापि या दोन शब्दप्रयोगांतला भेद आपल्या कामाचा आहे. कबुलीत बोलणारा स्वतः असतो, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभा. बिंग फुटते तेव्हा बोलणारा कोणी दुसराच असतो. कबुलीही नव्हे आणि बिंगही नव्हे, असे साधे सांगणे किती नटांच्या वाट्याला आले, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी आम्ही हॉलिवूडचे तीन आणि इंग्लंडचा एक, असे चार नट मुख्यत्वे निवडले आहेत. यादी याहून कितीतरी लांब करता येईल. पण याद्या करण्याची हौस हीच या विषयातली जुनी खोड आहे.

हॉलिवूडमधील स्टुडिओपद्धती मराठी वाचकाला अगदीच परकी वाटू नये. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत नट महिन्याच्या पगारावर असत, हे आपल्याला ठाऊक आहे. हॉलिवूडने हीच व्यवस्था एका प्रचंड कारखान्याच्या मापाने उभारली. नट वर्षानुवर्षांच्या कराराने बांधलेला. त्याचे नाव, त्याचे दात, त्याची चाल, त्याचे कपडे आणि वर्तमानपत्रांत छापून येणारे त्याचे प्रेमप्रकरण, सगळेच स्टुडिओच्या प्रसिद्धी विभागाकडून घडवले जाई. १९२१ मध्ये विनोदी नट रॉस्को 'फॅटी' आर्बकल याच्यावर एका अभिनेत्रीच्या मृत्यूप्रकरणी आरोप झाला (पुढे तो निर्दोष सुटला), आणि त्या गदारोळात स्टुडिओंनी करारपत्रांत 'नैतिकतेचे कलम' घालायला सुरुवात केली. नटाच्या वर्तनामुळे समाजात नाचक्की झाली तर करार रद्द, असा त्याचा आशय. १९३० मध्ये चित्रपटांसाठी निर्मितिसंहिता आली आणि १९३४ पासून ती कठोरपणे राबवली जाऊ लागली. तिने समलैंगिकतेचा पडद्यावरील नुसता सूचक उल्लेखही निषिद्ध ठरवला. करारातले कलम नटाच्या घरावर लक्ष ठेवी आणि संहिता त्याच्या भूमिकेवर. या दोन्हींच्या मधल्या जागेत गॉसिप लिहिणाऱ्या स्तंभलेखकांचा आणि सिनेनियतकालिकांचा व्यवसाय चाले. तो स्टुडिओंच्या मर्जीवर चालत असल्याने ज्या कंड्या पिकायच्या त्याच पिकत.

या व्यवस्थेला 'नाही' म्हणणारा पहिला मोठा नट विल्यम हेन्स. तो १९०० मध्ये व्हर्जिनियात जन्मला, १९२२ मध्ये नव्या चेहऱ्यांच्या स्पर्धेतून हॉलिवूडला आला आणि मूकपटाच्या अखेरच्या वर्षांत एमजीएमचा अतिशय लोकप्रिय नट बनला. 'ब्राउन ऑफ हार्वर्ड' आणि 'शो पीपल' हे त्याचे गाजलेले चित्रपट. शिष्ट, खोडकर, थोडा अगोचर तरुण ही त्याची ठरलेली भूमिका. १९२६ पासून तो जिमी शील्ड्स या आपल्या जोडीदारासोबत राहू लागला आणि मित्रमंडळींत त्याने हे कधी लपवले नाही. १९३३ मध्ये स्टुडिओचे प्रमुख लुई बी. मेयर यांनी त्याच्यापुढे पर्याय ठेवला: एखाद्या मुलीशी दाखवण्यापुरते लग्न कर, नाहीतर नोकरी सोड. हेन्सने नोकरी सोडली. किरकोळ कंपन्यांचे एकदोन चित्रपट करून १९३४ नंतर तो पडद्यावरून नाहीसा झाला.

आता या कथेला शोकांतिकेचे वळण मिळावे अशी आपली अपेक्षा असते. ती हेन्सने पूर्ण केली नाही. तो गृहसजावटकार झाला आणि नटाहूनही यशस्वी ठरला. जोन क्रॉफर्ड, कॅरोल लोम्बार्ड, दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर यांची घरे त्याने सजवली. ज्यांनी त्याला पडद्यावर नको म्हटले त्याच जगाने त्याला दिवाणखान्यात बोलावले. हॉलिवूडमधले सर्वांत सुखी जोडपे म्हणून क्रॉफर्ड हेन्स आणि शील्ड्स यांच्याकडे बोट दाखवीत असे, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १९६९ मध्ये लंडनमधील अमेरिकी राजदूताच्या निवासस्थानाची सजावट त्याच्याकडे आली. १९७३ च्या डिसेंबरात तो वारला आणि काही महिन्यांतच शील्ड्सने आत्महत्या केली. जवळजवळ अर्ध्या शतकाचा हा संसार होता.

हेन्सने खोटे बोलायचे नाकारले. पण खरे जाहीरपणे बोलला असेही नाही, आणि १९३३ मध्ये ते शक्यही नव्हते. मेयर यांनाही त्याच्या खासगी आयुष्याचे वावडे नव्हते. त्यांना हवी होती एक कागदोपत्री पत्नी, म्हणजे प्रसिद्धी विभागाला छापायला एक छायाचित्र. हा मुद्दा पुढच्या सर्व इतिहासात कामी येतो. गुप्ततेची मागणी 'असा राहू नकोस' अशी नव्हतीच. 'आम्हाला विकता येईल असे काहीतरी दे' अशी होती.

पुढच्या पिढीत ही विक्री शास्त्रशुद्ध झाली. हेन्री विल्सन हा एजंट स्वतः समलैंगिक होता. देखणे, अभिनयाचा गंध नसलेले तरुण शोधायचे, त्यांना नवे नाव द्यायचे, बोलायला-चालायला शिकवायचे आणि स्टुडिओला विकायचे, हे त्याचे कसब. रॉय शेरर या नावाने १९२५ मध्ये इलिनॉयमध्ये जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धात नौदलात काम केलेला आणि नंतर ट्रक चालवणारा एक सहा फुटांहून उंच तरुण त्याच्या हाती आला. जिब्राल्टरच्या खडकावरून 'रॉक' आणि नदीवरून 'हडसन', असे बारसे झाले. आर्थर केल्म या घोडेस्वारीचे वेड असलेल्या मुलाचा 'टॅब हंटर' झाला. मराठी रंगभूमीवर नटाला प्रेक्षक पदवी देत, आडनाव मात्र बापाचेच राही. इथे नटाच्या नावातला अक्षरन् अक्षर एजंटाचा होता. ज्याचे नावही स्वतःचे नाही त्याच्याकडून आपली खरी ओळख सांगण्याची अपेक्षा करणे किती अवघड, हे इथे दिसते.

हडसन हळूहळू घडला. १९४८ च्या पहिल्या चित्रपटातले एक वाक्य त्याला कितीएक वेळा चुकत-माकत म्हणावे लागले, ही दंतकथा हॉलिवूडने चवीने जपली आहे. पण १९५४ च्या 'मॅग्निफिसंट ऑब्सेशन'नंतर तो मोठा नट झाला आणि 'जायंट'साठी त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले. नेमक्या त्याच सुमारास जुनी मर्जीची व्यवस्था कोसळत होती. रॉबर्ट हॅरिसन याने १९५२ मध्ये काढलेले 'कॉन्फिडेन्शियल' हे नियतकालिक स्टुडिओंच्या उपकाराखाली नव्हते. ते न्यूयॉर्कहून निघे, खबऱ्यांना पैसे देई आणि १९५५ च्या सुमारास त्याचा खप चाळीस लाखांपलीकडे गेला होता.

१९५५ चे वर्ष जरा बारकाईने पाहण्याजोगे आहे. 'कॉन्फिडेन्शियल'च्या हाती हडसनची प्रकरणे लागल्याची कुणकुण हॉलिवूडमध्ये होती. सप्टेंबरच्या अंकात मात्र हडसनऐवजी टॅब हंटरविषयीचा मजकूर छापून आला. १९५० मध्ये पोलिसांनी एका खासगी मेजवानीवर घातलेल्या धाडीत तो पकडला गेला होता, ती जुनी हकीकत. हंटर तोवर विल्सनला सोडून दुसऱ्या एजंटाकडे गेला होता. मोठा मासा वाचवण्यासाठी विल्सनने सोडून गेलेला मासा गळाला लावून दिला, असे या प्रकरणाचे बहुतेक अभ्यासक मानतात. लगोलग ऑक्टोबरच्या आरंभी 'लाइफ' या प्रतिष्ठित साप्ताहिकाने हडसनला मुखपृष्ठावर घेतले आणि तिशीला टेकलेल्या या देखण्या अविवाहिताने एकतर लग्न करावे किंवा का करत नाही ते सांगावे, अशा अर्थाची टिप्पणी केली. भाषा लाडिक, पण मथितार्थ मेयर यांच्याच दटावणीचा. ९ नोव्हेंबर १९५५ रोजी हडसनने विल्सनच्या कार्यालयात सचिव असलेल्या फिलिस गेट्स हिच्याशी लग्न केले. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. हेन्सपुढे जो पर्याय एका बंद खोलीत ठेवला गेला होता तोच बावीस वर्षांनी हडसनपुढे छापील पानावर, लक्षावधी वाचकांच्या साक्षीने ठेवला गेला.

विशेष म्हणजे ज्याच्याविषयी छापून आले त्या हंटरचे फारसे काही बिघडले नाही. त्या मजकुरानंतर थोड्याच काळात एका देशव्यापी पाहणीत लोकांनी त्याला सर्वांत आश्वासक नवा नट म्हणून निवडले. १९५७ मध्ये त्याचे 'यंग लव्ह' हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. आजचे वर्तमानपत्र उद्याची रद्दी, अशा अर्थाचे काहीतरी बोलून स्टुडिओचे मालक जॅक वॉर्नर यांनी त्याची समजूत घातली, असे त्याने पुढे लिहिले आहे. यावरून प्रेक्षक उदार होता असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. पुष्कळांनी वाचूनही विश्वास ठेवला नसावा. पण मूठ उघडली की सव्वा लाखाची माती होते, ही भीती जेवढी खरी होती त्याहून अधिक ती जोपासली गेली, असे म्हणायला जागा आहे. तिच्यावर एजंट, वकील, स्तंभलेखक आणि खबरे या सर्वांची पोटे चालत होती. खुद्द विल्सन मात्र १९७८ मध्ये निष्कांचन अवस्थेत मेला.

हडसन आणि गेट्स यांचे लग्न तीन वर्षांच्या आत मोडले. आपल्याला काहीच कल्पना नव्हती, असे तिने १९८७ च्या पुस्तकात लिहिले. ते लग्न विल्सनने जुळवून आणलेले नाटक होते, असे इतर अनेकांनी लिहिले. हडसन स्वतः काही बोलला नाही. इथे इतिहासकाराला दोन खणांचे कपाट हवेसे वाटते: खरे प्रेम एका खणात, नाटक दुसऱ्यात. माणसे अशी खणांत बसत नाहीत, आणि उभयलैंगिक माणसांची तर या कपाटात नेहमीच कुचंबणा होते. 'सायको'मुळे अजरामर झालेला अँथनी पर्किन्स याचेच पाहा. हंटरशी त्याचे काही वर्षे प्रेमसंबंध होते, हे हंटरनेच लिहिले आहे. १९७३ मध्ये पर्किन्सने छायाचित्रकार बेरी बेरेन्सन हिच्याशी लग्न केले, त्यांना दोन मुलगे झाले, आणि १९९२ मध्ये एड्सने तो गेला तेव्हा हा संसार एकोणीस वर्षांचा होता. (बेरेन्सन ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कवर आदळवलेल्या पहिल्या विमानात होती.) या संसाराला 'पडदा' म्हणणारे चरित्रकार भेटतात आणि आधीच्या प्रेमाला 'टप्पा' म्हणणारेही भेटतात. दोघेही त्याच्या आयुष्याचा अर्धा भाग खोटा ठरवतात. गुप्ततेने एक केले, तिने पुराव्याचीच भाषा बिघडवून टाकली. सगळेच छायाचित्र प्रसिद्धी विभागाने काढलेले म्हटल्यावर खरे हसू कोणते, हे शोधायचे कसे?

१९५९ च्या 'पिलो टॉक'मध्ये हडसन डोरिस डेच्या नायिकेला फसवण्यासाठी एका भोळ्या टेक्सासवासीयाचे सोंग घेतो. मग त्या सोंगाला आणखी एक पदर जोडतो. या गृहस्थाला बायकांत रस नसावा, असा संशय तिच्या मनात यावा म्हणून तो करंगळी उंचावतो, पाककृती विचारतो, आईविषयी भरभरून बोलतो. समलैंगिक नट, स्त्रीलंपट पुरुषाच्या भूमिकेत, समलैंगिक असल्याची बतावणी करतो आहे आणि सारे थिएटर खो खो हसते आहे. आमच्या मते हडसनचा हा सर्वांत अवघड अभिनय. त्याला नक्कल करायची होती ती इतरांच्या मनातल्या व्यंगचित्राची, आणि तीही 'हा माझ्यातला नव्हे' याची ग्वाही देत देत. त्या प्रसंगांतली त्याची सहजता आज पाहताना अंगावर काटा येतो. हसूही येते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पडद्यावर सोंगाऐवजी खरे काही बोलले गेले ते इंग्लंडात, आणि त्याला कारण घडला तिथला कायदा. १८८५ च्या दुरुस्तीने पुरुषांमधील कोणतेही समलैंगिक वर्तन गुन्हा ठरले होते, आणि त्या कलमाला 'ब्लॅकमेल करणाऱ्यांची सनद' असेच म्हटले जाई. १९५७ मध्ये वुल्फेंडन समितीने प्रौढांचे खासगी संबंध गुन्ह्यातून वगळावेत अशी शिफारस केली. पण कायदा बदलायला आणखी दहा वर्षे गेली. (१८६० च्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम आपल्याकडे ठेवून इंग्रज १९४७ मध्ये निघून गेले. त्यांनी आपल्या घरचा कायदा बदलला त्यालाही अर्धशतक उलटल्यावर, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम निष्प्रभ केले.) त्या दहा वर्षांच्या मध्यात, १९६१ मध्ये, बॅझिल डिअर्डन दिग्दर्शित 'व्हिक्टिम' हा चित्रपट आला. नायक मेलव्हिल फार हा लंडनमधला नामांकित, विवाहित बॅरिस्टर. त्याच्यावर प्रेम करणारा एक तरुण ब्लॅकमेलला बळी पडून पोलीस कोठडीत गळफास घेतो, आणि आपली कारकीर्द धुळीला मिळणार हे ठाऊक असूनही फार त्या टोळीच्या मागे लागतो. 'समलैंगिक' हा शब्द इंग्रजी चित्रपटात उच्चारला गेला तो इथे प्रथम, असे मानतात. अमेरिकेत या चित्रपटाला संहितेचे प्रमाणपत्र नाकारले गेले.

फारची भूमिका केली डर्क बोगार्ड याने. रँक संस्थेच्या हलक्याफुलक्या 'डॉक्टर' चित्रपटांमुळे तो तरुण मुलींचा लाडका नट झाला होता. पत्नीने खोदखोदून विचारल्यावर फार आपले मन उघड करतो, तो प्रसंग चित्रपटाचा कणा आहे. त्यातले शब्द आपण स्वतः घातले, असे बोगार्ड सांगत असे. कायदेबदलाचे विधेयक उमरावांच्या सभागृहात मांडणाऱ्या लॉर्ड अॅरन यांनी लोकमत वळवल्याबद्दल पुढे त्याला कृतज्ञतेचे पत्र लिहिले. आणि हाच बोगार्ड आपला व्यवस्थापक अँथनी फॉरवुड याच्यासोबत इंग्लंडात आणि नंतर फ्रान्समध्ये अनेक दशके राहिला, १९८८ मध्ये फॉरवुडच्या मृत्यूपर्यंत. पण या नात्याविषयी मुलाखतींत विचारले की करवादून उठे. त्याने आत्मचरित्राचे खंडांमागून खंड लिहिले. फॉरवुड त्यांत पानोपानी आहे, सावलीसारखा. नात्याचे नाव मात्र कुठेच नाही. पत्रे आणि कागदपत्रे त्याने मोठ्या प्रमाणावर जाळून टाकली.

मराठी वाचकाला इथे तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' आठवल्यावाचून राहणार नाही. १९८१ मध्ये ते रंगभूमीवर आले आणि सुमित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. तिथेही प्रेमाची पत्रे चुकीच्या हाती पडतात आणि धमकीचे हत्यार होतात; तिथेही प्रेमाचा उगम एका नाटकातल्या भूमिकेत आहे. मित्राला आपली ओळख कळते ती पुरुषाचे काम करताना. बोगार्डच्या बाबतीत हे उलटे झाले असे आम्हाला वाटते. त्याला जे ठाऊकच होते, ते बोलायला भूमिका मिळाली आणि भूमिकेत ते बोलून संपले. पात्राच्या तोंडून बोलणे हेच त्याचे बोलणे होते, असे म्हणून त्याचे पुढचे मौन माफ करणारे समीक्षक आहेत. आम्हाला हा निवाडा घाईचा वाटतो. १९६७ नंतर त्याला कायद्याचे भय नव्हते. १९९२ मध्ये तर तो 'सर' झाला. तरीही त्याच्या मौनाला भेकडपणा म्हणायला आमची जीभ रेटत नाही, कारण 'व्हिक्टिम' स्वीकारण्याचे धैर्य त्या वेळी दुसऱ्या कोणा मोठ्या नटाने दाखवले नव्हते. माणूस एका बाबतीत शूर आणि दुसऱ्या बाबतीत अबोल असू शकतो, आणि दोन्ही खरे असते.

रॉक हडसनची मूठ उघडली ती आजाराने. मे १९८४ मध्ये तो व्हाइट हाउसमधील शाही मेजवानीला पाहुणा होता. रेगन पतिपत्नी हॉलिवूडच्याच जगातली, म्हणून ओळखीची. जूनमध्ये त्याला एड्सचे निदान झाले. हे मोजक्या चारदोघांनाच ठाऊक होते. त्यानंतर त्याने 'डायनॅस्टी' या दूरचित्रवाणी मालिकेत काम केले आणि त्यातल्या नायिकेचे चुंबन घेण्याचा प्रसंगही केला. चुंबनाने हा आजार पसरत नाही हे आज आपण जाणतो. त्या वेळी लोकांना, बहुधा त्यालाही, ते खात्रीने ठाऊक नव्हते. ज्या तरुणासोबत तो राहत होता त्यालाही त्याने सांगितले नाही, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्या तरुणाने केलेल्या दाव्यात १९८९ मध्ये ज्यूरीने तरुणाच्या बाजूने कौल दिला. तीस वर्षे दुसऱ्यांनी आवळून धरलेली मूठ आता त्याची स्वतःची झाली होती, आणि तिच्यात दुसऱ्याचा जीव होता. इथे आम्ही त्याचे समर्थन करणार नाही.

जुलै १९८५ च्या मध्यास डोरिस डेच्या नव्या कार्यक्रमासाठी तो कार्मेल येथे पत्रकारांपुढे आला. 'पिलो टॉक'चा तो नायक ओळखू येत नव्हता. २१ जुलैला पॅरिसच्या हॉटेलात तो कोसळला. यकृताचा आजार असल्याचे प्रथम सांगण्यात आले. २४ तारखेला त्याच्या प्रसिद्धिप्रमुखाने व्हाइट हाउसला तार करून, फ्रेंच लष्करी रुग्णालयात त्याला दाखल करून घ्यावे म्हणून मदत मागितली. ती नाकारली गेली, आणि तसे करण्याला नॅन्सी रेगन यांची संमती होती, हे कागदपत्रांवरून २०१५ मध्ये उजेडात आले. हेन्सचा व्यवसायातील सहकारी आणि वारस टेड ग्रेबर यानेच १९८१ मध्ये नॅन्सी रेगन यांच्यासाठी व्हाइट हाउसमधील निवासाची सजावट केली होती, हे लक्षात घेतले की घर सजवायला चालणारा माणूस आणि मदत मागणारा माणूस यांतला फरक कळतो.

२५ जुलै १९८५ रोजी यानू कोलार या फ्रेंच प्रसिद्धी अधिकारी बाईंनी रॉक हडसन यांना एड्स झाला असल्याचे पत्रकारांना सांगितले. तेवढेच. 'मी समलैंगिक आहे' हे वाक्य हडसनने जाहीरपणे कधीच उच्चारले नाही. ते वर्तमानपत्रांनी रोगाच्या नावावरून वाचून घेतले आणि मग मित्रांनी दुजोरा दिला. सप्टेंबरमध्ये लॉस एंजलिसला एलिझाबेथ टेलर हिच्या पुढाकाराने एड्सनिधीसाठी मोठा समारंभ झाला. तिथे हडसनचा संदेश बर्ट लँकेस्टर याने वाचून दाखवला: आपल्या दुर्दैवाचा इतरांना काही उपयोग होत असेल तर त्यात समाधान आहे, अशा आशयाचा. तो मजकूर अंथरुणाला खिळलेल्या हडसनसाठी दुसऱ्यांनी तयार केला होता, असे पुढे प्रसिद्ध झाले. म्हणजे शेवटचे वाक्यही लिहिले एकाने, वाचले दुसऱ्याने. २ ऑक्टोबरला, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, तो गेला. ज्या आजाराने तोवर अमेरिकेत हजारो माणसे मेली होती त्याचे नाव अध्यक्ष रेगन यांनी जाहीरपणे प्रथम घेतले ते त्याच सप्टेंबरमध्ये, पत्रकारांच्या प्रश्नाला उत्तर देताना.

आमच्या वर्गात हा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, "सर, मग त्याने आधीच का नाही सांगितलं?" याला उत्तर म्हणून आम्ही इयन मॅकेलन याचे उदाहरण देतो. जानेवारी १९८८ मध्ये बीबीसीच्या तिसऱ्या रेडिओ वाहिनीवर, समलैंगिकतेच्या तथाकथित प्रचाराला बंदी घालणाऱ्या विधेयकावरील चर्चेत, तो आपण त्यांच्यापैकीच आहोत असे सहज बोलून गेला. त्याचे वय तेव्हा ४८ होते. तो मुख्यतः रंगभूमीचा नट, कोणत्याही स्टुडिओशी बांधलेला नाही. त्याचे नाव त्याचेच होते. जगभर मुलाबाळांना ठाऊक होण्याइतकी चित्रपटातली कीर्ती त्याला त्यानंतर मिळाली. सांगितल्याने सगळे संपते, हे भाकीत खोटे पडल्याचा हा ढळढळीत पुरावा; पण तो १९५५ च्या हडसनला उपलब्ध नव्हता, हेही तितकेच खरे.

टॅब हंटर या सगळ्यांना पुरून उरला. वॉर्नरचा करार त्याने स्वतःचे पैसे भरून सोडवून घेतला, पडती वर्षे छोट्या शहरांतल्या नाटकांवर काढली, घोडे पाळले. २००५ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्याने आत्मचरित्र लिहिले. चळवळ वगैरे काही त्याच्या मनात नव्हती. आपल्यावर दुसराच कोणी पुस्तक लिहितो आहे असे त्याच्या कानी आले, आणि जे सांगायचे ते परक्याने सांगण्यापेक्षा आपणच सांगावे असे त्याला वाटले, इतकेच. आपल्या खासगी गोष्टींविषयी लिहिणे त्याला शेवटपर्यंत अवघड जात होते, हे पुस्तकभर जाणवते. धाडीची ती जुनी हकीकत, विल्सनचा सौदा, नताली वूडसोबत स्टुडिओने काढलेली जोडीची छायाचित्रे, पर्किन्स, सगळे त्यात आहे. पुस्तकाचे नाव त्याने 'टॅब हंटर कॉन्फिडेन्शियल' असे ठेवले.